संत्र्याचा वास

होडीत चढण्याआधी निकिफोर आमचे मोजे उलटे करतो.
खिशांची अस्तरं, तंबूच्या घड्या, पिठाचा डबा,
सगळ्या सांदीकोपऱ्यांत टॉर्च.
एक गाभण उंदरीण पुरे, म्हणतो,
अख्खं बेट उष्टं करायला.
हे म्हणताना तो हसत नाही.
त्याच्या लहानपणी एक जहाज फुटलं होतं पलीकडच्या बेटावर.
माणसं बुडाली. उंदीर पोहले.
तिथे अजून रात्री काही ऐकू येत नाही.

आमच्या या बेटाला कागदोपत्री अभयारण्य म्हणतात.
अरण्य कुठलं! औषधाला झाड नाही.
गुडघाभर गवत, धुकं,
वाऱ्याने घासूनपुसून ठेवलेला कातळ.
अरण्य वजा करा. उरतं
तेवढंच द्यायचं होतं.

आणि तेच काढून घेतलेलं,
माझ्या आजोबांनी, मकारीने.
साल एकोणीसशे चोवीस. निळ्या कोल्ह्यांच्या पाच जोड्या,
पिंजऱ्यात, लाटांनी ओकून ओकून अर्धमेल्या,
या वाळूवर सोडलेल्या.
खायला घालायचा खर्च नाही, पक्षी आहेतच.
वहीत त्यांचं अक्षर देखणं आहे:
कातडी एकशे बारा. भाव बरा.
देवळाला घंटा. अनफिसाला शिवणयंत्र.
पक्ष्यांचा रकाना नाही.

लुकेरिया आत्या सांगायची,
तिच्या आईच्या वेळी, उन्हाळ्यात संध्याकाळी,
या डोंगराला संत्र्याचा वास यायचा.
आम्हाला संत्रं ठाऊक ते नाताळातलं,
स्टीमरने आलेलं, माणशी एक,
साल उशाखाली ठेवून झोपायचं, सुकेपर्यंत.
डोंगराला कसला वास?
म्हातारीला भ्रम होतोय, असं ठरवून
आम्ही तिला आणखी एक कप चहा द्यायचो.

शेवटची कोल्हीण मी धरली.
सतरा दिवस तिने मला पावसात बसवलं.
तिच्या बिळात पंख निघाले, एकावर एक, नीट रचलेले,
कुणीही शहाणी बाई हिवाळ्याची बेगमी करील तसे.
तिचं काय चुकलं? तिला आणलं होतं.
तिच्या आजीच्या आजीला आणलं होतं,
माझ्याच घरच्या होडीतून.
गावात परतल्यावर मी एक मेणबत्ती लावली.
कुणासाठी, असं फादरने विचारलं.
लांबच्या नात्यातली, म्हटलं.

मग चार उन्हाळे नुसते गेले.
दगडांत आम्ही भोंगा ठेवला होता.
दुसऱ्या बेटावर टिपलेला कलकलाट त्यातून रात्रभर,
घर सोडून गेलेल्यांच्या खोलीत
रेडिओ चालू राहावा तसा.
बॅटरी बदलायला जायचे मी. स्वतःचीच लाज वाटायची.

पाचव्या वर्षी गवतात एक भोक दिसलं, मुठीएवढं.
पालथी पडून हात घातला, खांद्यापर्यंत.
आत ऊब.
आणि कुणीतरी माझ्या बोटाला कडकडून चावलं.
तिथेच चिखलात पडून मी रडले की हसले,
निकिफोर अजून दोन्ही सांगतो, ऐकणारा बघून.

आता जमीन पोकळ झाली आहे.
पाय टाकावा तिथे कुणाचं तरी छप्पर.
म्हणून उतरायचं नाही, असा नियम मीच लिहिला,
मीच सही केली, आणि पहिल्याच वर्षी
तो मोडायची इच्छा मलाच सगळ्यात जास्त झाली.

होडी लांब उभी करतो. दुर्बीण, पेन्सिल, ओली वही.
काल सूर्य ढगांखालून जरासा निसटला
आणि कड्यावरून ऑकलेट उठले,
कपाळावर पुढे वळलेला तुरा, नारिंगी चोच,
धूर वळावा तसे वळत, हजारांनी;
मी मोजणं सोडलं.
वारा फिरला.

निकिफोरने इंजिन बंद केलं.
माझ्याकडे पाठ करूनच विचारलं,
काय सोलतेयस गं?

मी दोन्ही हात वर करून दाखवले.
रिकामे.